देवगडात ७४, मंगळावर ३९ : एक प्रकरण अभ्यास

रुग्ण आणि घर

मंगळावर माणूस हळू म्हातारा होतो का, हा प्रश्न मला या रुग्णाच्या खाटेशेजारी विचारला गेला. बाई ७४ वर्षांच्या, राहायला देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीकाठी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना आजी म्हणते, वाडीत सगळे तेच म्हणतात. घरात सून आणि अकरावी सायन्सला असलेला नातू. मुलगा मुंबईला, चतुर्थीला आणि मे महिन्यात येणारा. वजन ४८ किलो, रक्तदाबाची एक गोळी चालू, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, गुडघे गेली कित्येक वर्षं कुरकुरणारे. तरीही आषाढापर्यंत ही बाई रोज घाटी, म्हणजे उतारावरच्या पायऱ्या, उतरून आगरात जायची, पडलेले नारळ गोळा करायची आणि झाप ओढत वर आणायची.

जुलैच्या सुरुवातीला जांभ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून पाय सरकला आणि आजी कुशीवर पडल्या. एक्स-रेत जांघेजवळच्या हाडाला चीर दिसली. खुबा शाबूत होता, ऑपरेशन लागणार नव्हतं. कागदावर स्पष्ट लिहून मिळालं होतं : दुखणं सोसेल तसं वॉकर धरून चालवा. घरी त्याचा अर्थ लावला गेला तो असा, की दुखतंय तोवर हलवू नका. मुलानं फोनवरून बजावलं, आईला खाली पाय ठेवू देऊ नका. सुनेनं सेवेत तिळभर कसूर केली नाही. पाणी हातात, पेज हातात, बेडपॅन बिछान्यात. सेवा इतकी चोख की आजींना कूसही स्वतःहून बदलावी लागली नाही.

असे सात आठवडे गेले. हाड सांधलं, पण आजी उठेनात. तेव्हा त्यांना व्यायाम देऊन पुन्हा चालतं करायला मला बोलावणं आलं.

हे काही एकाच घरातलं नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटलेली निघाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. कमावते हात मुंबईला, मागे म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणारी एकटी सून. अशा घरात म्हातारं माणूस पडलं, की धास्तीपोटी त्याला झोपवून ठेवलं जातं. पुन्हा पडलं तर उचलणार कोण?

पहिली तपासणी

आडवं असताना रक्तदाब ठीक होता. पाय खाली सोडून बसवलं तर चेहरा पांढरा पडला, उभं केलं तर वरचा आकडा ३० नं खाली आला आणि डोळ्यांपुढे अंधारी. पोटऱ्या लोंबत होत्या. हातांचा आधार न घेता खुर्चीतून एकदाही उठता येईना. सून मात्र एका गोष्टीवर खूश होती : "टाचा बघा कशा मऊ झाल्यात. आयुष्यभराच्या भेगा गेल्या."

त्या टाचांकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर काही महिने राहिलेल्या माणसांच्या तळव्यांची जाड कातडी अशीच सोलून निघते. तिथे तळव्यावर कुणी उभंच राहत नाही. उलट पावलाची वरची बाजू राठ होते, कारण स्थिर राहायला पाय दांड्याखाली अडकवावे लागतात.

मला हे तेव्हा आठवायला कारण होतं. आजींच्या खाटेसमोरच्या भिंतीवर नातवानं एक तक्ता चिकटवला होता. १८६८ च्या सूर्यग्रहणाशी आणि त्यातून लागलेल्या हेलियमच्या शोधाशी विजयदुर्गाचं नाव जोडलं जातं, किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. त्या कार्यक्रमावरून आल्यावर पोरानं हे केलं होतं : आजीचं वय बुधावर ३०७, शुक्रावर १२०, मंगळावर ३९, गुरूवर ६. खाली मोठ्या अक्षरात, 'आजी, मंगळावर चल!'

आजींनी तो तक्ता सात आठवड्यांतल्या शेवटच्या काही दिवसांत पुरेपूर वाचला होता. मी रक्तदाबाचा पट्टा सोडत असताना त्यांनी विचारलं, "बाय, थंय माझे गुडघे दुखाचे थांबतले काय गो?"

नातवाला वयाची पडली होती, आजींना गुडघ्यांची. माझ्या मते जास्त शहाणा प्रश्न आजींचा. पण आधी नातवाचा घेते, तो लवकर संपतो.

वर्षं मोजणं आणि वर्षं जाणं

मंगळाची सूर्याभोवतीची फेरी ६८७ दिवसांची. ७४ वर्षांचे दिवस करून ६८७ नं भागले की ३९ येतात. तक्त्यातलं गणित बरोबर आहे. पण तेवढ्यानं आजींच्या आयुष्यातला एकही दिवस कमी झालेला नाही. वाढदिवस लांबले, इतकंच. नातवाला हे ठाऊक होतं, तो आजीला हसवत होता.

त्याचा खरा मुद्दा दुसरा होता. मंगळावर वेळच वेगळ्या वेगानं जातो ना? हो, जातो. गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे घड्याळ किंचित पुढे पळतं, हे आइनस्टाइनच्या सिद्धांतातून निघतं आणि आपल्या फोनमधलं जीपीएस ते रोज हिशेबात धरतं. मंगळावरचं घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सरासरी ४७७ मायक्रोसेकंदांनी पुढे जातं, असं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अलीकडेच मांडलं आहे. पन्नास वर्षं तिथे काढलेला माणूस इथल्या भावंडापेक्षा जेमतेम नऊ सेकंदांनी म्हातारा असेल. अंतराळ स्थानकावर उलटं होतं. ते इतक्या वेगानं फिरतं की तिथला माणूस वर्षाला सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा तरुण राहतो. या आकड्यांत भौतिकशास्त्राची मोठी गंमत आहे, पण आजींच्या पोटऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही.

त्याची पुढची खेळी चांगली होती. स्कॉट केली. मार्च २०१५ ते मार्च २०१६ असे ३४० दिवस हा अंतराळवीर स्थानकावर होता आणि त्याचा जुळा भाऊ मार्क जमिनीवर. दोघांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशी विभागताना गुणसूत्रांच्या टोकांचे भाग, टेलोमियर, थोडे थोडे आखूड होतात. वय वाढल्याची ती एक खूण मानतात. स्कॉटचे टेलोमियर अंतराळात चक्क लांबले! "म्हणजे तो तरुण झाला ना?" पोरगं जिंकल्यासारखं बोललं.

परत आल्यावर काही दिवसांतच ती लांबी गेली आणि आखूड टेलोमियरांचं प्रमाण जाण्याआधीपेक्षाही वाढलं, हे त्यानं वाचलं नव्हतं. आणि टेलोमियर लांबत असतानाच्या त्याच महिन्यांत त्याच माणसाच्या हाडांवर, डोळ्यांवर, रक्तवाहिन्यांवर ताण दिसत होताच. एका खुणेवरून वय सांगणं हे केस काळे दिसले म्हणून तरुण ठरवण्यासारखं आहे. केसांना रंग लावता येतो.

भार गेला की काय होतं

आता गुडघे. मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. आजींना तिथल्या काट्यावर उभं केलं तर १८ किलो भरतील. खुर्चीतून उठणं सोपं, घाटी चढणं सोपं, गुडघ्यांच्या झिजलेल्या सांध्यावरचा दाब निम्म्याहून कमी. तेव्हा उत्तर असं, की हो, आजी, दुखणं पहिल्या दिवसापासून कमी होईल.

पण शरीर भार बघून स्वतःची बांधणी करतं. हाडाच्या आत बसलेल्या पेशींना प्रत्येक पावलाचा ठोका कळतो. ठोके थांबले की त्या निरोप धाडतात, बांधकाम बंद करा. हाड मोडणाऱ्या पेशी मात्र आपलं काम चालूच ठेवतात. वजनरहित अवस्थेत भार घेणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्का घटते. इथे उतारवयात साधारण तेवढी घट व्हायला वर्ष लागतं. सुटलेलं कॅल्शियम लघवीतून जातं आणि मुतखड्याचा धोका वाढतो. स्नायूंचंही तसंच. आधी जातात ते आपल्याला उभं ठेवणारे, म्हणजे पोटऱ्या, मांड्या, पाठ. रक्तातलं पाणी घटतं, आणि पृथ्वीवर उतरलेला अंतराळवीर उभा राहिला की आजींसारखीच अंधारी येते. म्हणून उतरल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून नेतात. मार्च २०२५ मध्ये २८६ दिवसांनी परतलेल्या सुनीता विल्यम्सना तसं नेताना सगळ्या देशानं पाहिलं आणि व्हॉट्सॲपवर लोकांनी लगेच 'किती थकल्या' म्हणून हळहळ व्यक्त केली. ती नेहमीची पद्धत आहे.

हे सगळं अंतराळात न जाताही होतं, आणि आजींच्या प्रकरणाचं मर्म तेच आहे. अवकाशसंस्था वजनरहित अवस्थेचा अभ्यास करायला धडधाकट माणसांना पैसे देऊन झोपवून ठेवतात. जर्मनीत कलोनला २०१९ मध्ये स्वयंसेवकांना ६० दिवस खाटेवर ठेवलं होतं. डोकं सहा अंशांनी खाली, जेवण आडवं, आंघोळ आडवी, एक खांदा कायम गादीला टेकलेला. आजींच्या सुनेनं नकळत तोच प्रयोग फुकट केला होता.

त्याहून जुना आणि मला फार बोलका वाटणारा अभ्यास अमेरिकेतल्या डॅलसचा. १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं आणि त्यांचा दम किती उरला ते मोजलं. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयवाढीनं त्यांचा दम जितका उतरला होता, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांनी उतरवला होता. म्हाताऱ्या माणसात हे आणखी झपाट्यानं होतं. २००७ च्या एका अभ्यासात साधारण ६७ वर्षं वयाच्या निरोगी माणसांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू दहा दिवसांच्या झोपण्यात गेला. दहा दिवस! आजींचे सात आठवडे झाले होते.

मंगळावर भार शून्य नसेल, ३८ टक्के असेल, हा नातवाचा आक्षेप रास्त होता. तेवढा भार पुरतो का? कमी गुरुत्वात माणसं राहिली ती फक्त चंद्रावर. बारा जण, आणि सर्वांत लांब मुक्काम डिसेंबर १९७२ चा, जेमतेम ७५ तासांचा. त्यावरून म्हातारपणाचं काही कळत नाही. उंदरांवरून थोडं कळतं. जपानी शास्त्रज्ञांनी अंतराळ स्थानकावर उंदरांना फिरत्या यंत्रात ठेवून चंद्राएवढं, म्हणजे एक षष्ठांश गुरुत्व दिलं. स्नायूंचं आकारमान टिकलं, पण स्नायूतंतूंची जात बदलली. दमानं, बराच वेळ उभं ठेवणारे तंतू झटक्यात काम करून थकणाऱ्यांकडे झुकले. मंगळावर त्याहून दुपटीनं भार आहे. माझा अंदाज असा, की व्यायामाची शिस्त ठेवली तर माणूस तिथे चालता राहील, फक्त तिथल्यापुरता.

इथे आजींनीच एक वाक्य टाकलं, तक्त्याकडे न बघता : "पडान ऱ्हवल्यार काय्येक दुखणा नाय. उठलंय की सगळा दुखता."

हेच ते. खाटेवर आजी म्हाताऱ्या नव्हत्याच. खाटेपुरतं शरीर खाटेला पुरत होतं. मंगळावर १८ किलोंसाठी घडलेलं हाड १८ किलोंना पुरेल. तिथे पडणंही सावकाश, त्याच उंचीवरून जमिनीला बसणारा दणका ३८ टक्केच. म्हातारपण उघडं पडतं ते भार परत आला की. मंगळावर कायमचं राहणारा माणूस कदाचित स्वतःला ठणठणीत समजेल, आणि विजयदुर्गच्या धक्क्यावर उतरला तर त्याला बोटीतून उचलून आणावं लागेल.

जे भारानं भरून येत नाही

दोन गोष्टी या हिशेबाबाहेर राहतात.

एक, हाडाची आतली घडण. हाड आतून भरीव नसतं, त्यात मांडवासारखे उभे-आडवे वासे असतात. भार गेल्यावर काही आडवे वासे पुरते तुटून जातात. पुन्हा भार दिला की उरलेले वासे जाड होतात, तुटलेले परत जुळत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १७ अंतराळवीरांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या नडगीचं हाड परतल्यानंतर वर्षभरानंही पूर्ववत झालेलं नव्हतं. सहा महिन्यांहून लांब मोहिमा केलेल्यांचं नुकसान सर्वांत जास्त होतं. आजींनाही मी आणि हाडांच्या डॉक्टरांनी हे सांगितलं. चालाल, आगरात जाल, पण हाड जुलैआधीचं होणार नाही.

दुसरी गोष्ट किरणोत्सार, आणि मंगळावरचं खरं म्हातारपण मला त्यात दिसतं. पृथ्वीवर आपल्याला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीनं दिवसाला सुमारे ०.६७ मोजली, म्हणजे वर्षाला इथल्या शंभरपट. वाटेतला प्रवास त्याहून वाईट, दिवसाला १.८. नासानं अंतराळवीराच्या सगळ्या कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट आहे. मंगळावर उघड्यावर राहिलं तर ती अडीच वर्षांत संपते. किरणोत्साराचे हे कण पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. कर्करोग, रक्तवाहिन्यांचे आजार, मोतीबिंदू. अंतराळवीरांत जास्त मात्रा मिळालेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो असं आढळलं आहे. यावर कुठला व्यायाम चालत नाही. आडोसा करायचा तर जमिनीखाली राहायचं, वर जाड मातीचा थर, आणि मग उन्हाचं तोंड नाही. ड जीवनसत्त्व गोळीतून. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात खाटेवर पडलेल्या माणसाची गत काही वेगळी नसते. आजींच्या रक्तात ते कमीच निघालं.

झोपेचं एक उपप्रकरण आहे, ते थोडक्यात. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा. २००४ मध्ये मंगळावरच्या गाड्या चालवणारे लोक पृथ्वीवर बसून मंगळाच्या वेळेनं जगत होते. रोज ४० मिनिटं उशिरा झोपायचं. पुष्कळ जण मेटाकुटीला आले.

उपचार आणि वाटचाल

अंतराळ स्थानकावर रोज साधारण दोन तास व्यायाम असतो. २००९ पासून तिथे जोर लावून उठाबशा काढायचं मोठं यंत्र आहे, आणि ते आल्यावर हाडांची घट बरीच आटोक्यात आली. आमच्याकडे प्लॅस्टिकची खुर्ची, वॉकर आणि तांदळाची पिशवी होती. तत्त्व तेच, हाडाला ठोका मिळाला पाहिजे.

पहिले काही दिवस फक्त पाय खाली सोडून बसणं, रक्तदाब स्थिर होईपर्यंत. मग उभं राहणं. मग टाचा उचलून खाली सोडणं, ओटीचा खांब धरून. हा व्यायाम आजींना पोरखेळ वाटे, आणि त्याच व्यायामाला त्या सर्वांत आधी दमत. नंतर खुर्चीतून उठबस, आधी हात टेकून, मग एकच हात, मग हात छातीवर. घोट्याला अर्धा किलो तांदूळ बांधून पाय उचलणं. सुनेचं मन वळवणं सगळ्यात अवघड गेलं. सासू कण्हत उभी राहतेय आणि आपण बघत बसायचं, शेजारणी काय म्हणतील, हा तिचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी मोजायचं काम नातवाकडे दिलं. तो वहीत लिहायचा आणि आजीला ओरडायचा, तिला ते चालायचं.

जेवणाकडेही वळावं लागलं. सात आठवडे मुख्यतः पेज आणि लोणचं, स्नायू बांधायला त्यात काहीच नाही. जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद होती, ताजा मासा अजून यायचा होता, सुक्या माशांत मीठ फार आणि रक्तदाब आहे. म्हणून रोज एक अंडं, दुपारी कुळथाची पिठी घट्ट करून, सकाळी नाचणीची भाकरी. ऑगस्ट सरता सरता बांगडा आला आणि माझं काम हलकं झालं.

चतुर्थीला मुलगा आला तेव्हा आजी वॉकर घेऊन माजघरातून ओटीवर येत होत्या. तीन महिन्यांच्या शेवटी अर्ध्या मिनिटात सात वेळा हात न टेकता उठल्या. या वयाच्या बाईला दहा जमायला हवेत, तेव्हा काम संपलेलं नाही. उभं राहिल्यावरची अंधारी गेली आहे. घाटी अजून बंद, पायऱ्यांना एका बाजूनं लोखंडी कठडा बसवायचं मुलानं कबूल केलंय. टाचा पुन्हा खरखरीत झाल्या आहेत आणि सुनेनं त्याबद्दल माझ्याकडे तक्रार केली आहे.

ड जीवनसत्त्व भरून आल्यावर डॉक्टरांनी हाडं टिकवायची आठवड्याची गोळी सुरू केली, अलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅम. हीच गोळी, याच मात्रेत, अंतराळ स्थानकावरच्या काही जणांना देऊन पाहिली आहे, आणि व्यायामाच्या जोडीनं ती घेणाऱ्यांची हाडं जास्त टिकली. नातवाला हे सांगितल्यावर त्यानं गोळीचं पाकीट तक्त्याशेजारी चिकटवलं, रिकामं झाल्यावर. अडचण एवढीच, की गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास ताठ बसायचं, चहा नाही. वजनरहित स्थानकात ताठ म्हणजे काय करत असतील कोण जाणे. आजींचा सोमवारचा उपास, त्या दिवशी पहाटेचा चहा सोडायला त्या तयार नाहीत. गुरुवारी देवळात लवकर जायचं असतं. म्हणून गोळीचा वार बुधवार ठरला आहे, आणि हाडांची घनता वर्षानं पुन्हा मोजायची आहे.